अर्व्हो हाकोलाची मेलेली काठी

अर्व्हो हाकोला बुधवारी सकाळी बहिणीच्या दुकानात शिरला तो भांडणाच्या तयारीनेच. त्याने दार आपटलं, चार दिवसांपूर्वी नेलेली मासेमारीची काठी काउंटरवर टाकली आणि ही काठी मेलेली आहे असं जाहीर केलं. त्या पंधरवड्यात परत आलेली ही तिसरी काठी. पहिली जड होती, दुसरी ढिली होती आणि आता ही मेलेली. हिल्मा त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी, चौऱ्याहत्तरची. आमिषाच्या टाकीत मरून तरंगणारे बारके मासे ती जाळीने वेचत होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

दोष काठीत नव्हता. हे अर्व्होला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याचा पारा एवढा चढलेला होता. मागच्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरचे उपचार झाले. आजार गेला, पण जाताना दोन्ही हातांच्या बोटांतली जाणीव घेऊन गेला. शर्टाची बटणं तो आता आरशात बघून लावायचा. कॉफी पोळते हे ओठांना कळायचं, हाताला नाही. गावात त्याने कुणाजवळ याची वाच्यता केली नव्हती. शनिवारी वॉलाय माशाचा हंगाम उघडणार होता आणि अर्व्हो त्रेचाळीस वर्षं पाहुण्यांना होडीतून वॉलाय धरायला नेत होता. बोटं गेली हे कळलं असतं तर कोण त्याच्या होडीत बसलं असतं?

वॉलाय हा मोठा चोरटा मासा. तो आमिष ओढत नाही, नुसतं तोंडात घेतो आणि थांबतो. वर काठी धरलेल्या माणसाला कळतं ते एवढंच, की कुणीतरी नखाने टिचकी मारली. त्या टिचकीसाठी काठी हलकी लागते, शेंडा नाजूक लागतो आणि बोटं जागी लागतात. अर्व्होची बोटं तर तळ वाचायची. गळाचं शिसं तळाला टेकलं की खाली चिखल आहे, वाळू आहे की खडी, हे तो डोळे मिटून सांगायचा. खडी लागली की पाहुण्याला म्हणायचा, इथे टाक. बाकीचे गाइड होडीत स्क्रीन लावून मासे शोधतात. त्यांना तो टीव्हीवाले म्हणायचा, तेही त्यांच्या तोंडावर.

बास मासा अगदी उलटा. तो गवतात दडून बसतो आणि आमिषावर धाड घालतो. पाणी फुटतं, दोरी पळते, सगळं डोळ्यांना दिसतं. त्याला जाड, ताठ काठी लागते, कारण एका हिसक्यात त्याला गवताबाहेर ओढावा लागतो. आमच्या तळ्यावर बासला कुणी मासा म्हणतच नाही. शहरातून आलेल्यांनी फोटो काढावेत आणि सोडून द्यावा, एवढीच त्याची किंमत. अर्व्हो त्याला हिरवा कचरा म्हणायचा. वॉलायवाल्या माणसाच्या होडीत बासची काठी दिसली तर सगळ्या धक्क्यावर हसं होतं.

हिल्माने हात पुसले आणि भिंतीवरची सगळ्यात हलकी, सगळ्यात महाग काठी काढली. काठी पारखायची दुकानात एक जुनी रीत आहे. गिऱ्हाइकाने मूठ धरायची, दुकानदाराने शेंडा आपल्या गळ्याला लावून गुणगुणायचं. काठी चांगली असेल तर आवाजाची थरथर मुठीपर्यंत पोचते. हिल्माने अर्व्होच्या हातात मूठ दिली आणि त्याला दाराकडे तोंड करून उभं केलं. टाक्यांचे पंप घरघरत होते, त्यात हलकं गुणगुणणं ऐकू येणं शक्यच नव्हतं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, लागतंय का?

"लागतंय," अर्व्हो म्हणाला.

आणि आता?

"आता जास्तच. ही खरी काठी. हीच आधी द्यायला काय धाड भरली होती तुला?"

असं म्हणतच तो वळला. काठीचा शेंडा तिच्या गळ्याला नव्हताच. तो तिने फळीवर टेकवून ठेवला होता आणि ती हाताची घडी घालून उभी होती.

"मी तोंडच उघडलं नाही, अर्व्हो."

अर्व्होचा चेहरा लालबुंद झाला. सख्ख्या भावाची परीक्षा घेताना लाज वाटत नाही का, असं त्याने विचारलं. लाज तुला वाटू दे, हिल्मा म्हणाली, पंधरा दिवस माझ्या मालाला शिव्या घालतोयस. मग तिचा आवाज खाली आला आणि तो जास्त भयंकर होता. तिने विचारलं, किती दिवस झाले?

"पंधरा महिने."

"पंधरा महिने माझ्या टेबलावर दर रविवारी जेवलास. आणि हे एक वाक्य घशातून बाहेर निघालं नाही तुझ्या?"

ती मागे गेली आणि बासची एक जाड काठी घेऊन आली. बासला बोटं लागत नाहीत, तिने सांगितलं, डोळे लागतात आणि खांदे लागतात, ते तुझे शाबूत आहेत. अर्व्होला वाटलं, तिने थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

"म्हणजे मी आता कचरा गोळा करू?"

"पाहुण्याला दिवसभर रिकामं बसवण्यापेक्षा कचरा बरा."

त्याने नाजूक काठी उचलली आणि तो चालता झाला. हिल्मा मागोमाग आली, जाड काठी तिने त्याच्या ट्रकच्या मागच्या भागात टाकली आणि वळून आत गेली. ती काढून रस्त्यावर फेकावी असं त्याच्या फार मनात होतं, पण ती खिडकीतून बघत होती.

शनिवारी वॉल्टर नीमायर आला. आयोवातला निवृत्त पोस्टमन, बावीस वर्षं दर हंगामाला येणारा पाहुणा, माणूस इतका गरीब स्वभावाचा की त्याच्यावर ओरडायचीही मजा येऊ नये. ट्रकमधलं सामान होडीत भरताना अर्व्होने न बघताच जाड काठीही भरली. तळ्यावर तीसेक होड्या होत्या. अर्व्हो सवयीने खडीच्या जागी गेला, पण वारा होडी ढकलत होता आणि खाली काय आहे ते हाताला कळत नव्हतं. त्याने गळ सोडला, उचलला, पुन्हा सोडला. शेजारच्या टीव्हीवाल्यांनी एकापाठोपाठ चार वॉलाय वर घेतले. अर्व्होने वाऱ्याला शिव्या दिल्या, आमिषाला दिल्या, तळ्यालाही दिल्या.

दहाच्या सुमारास वॉल्टर खाकरला आणि म्हणाला की त्याला वाटतं, अर्व्होच्या गळाला काहीतरी आहे. अर्व्होने रागाने असा हिसका दिला की गळ माशाचं तोंड फाडून रिकामा वर आला.

"आधी का नाही बोललास?"

"आधी तीनदा शेंडा वाकला होता. मला वाटलं, तू त्याला खाऊ देतोयस."

वॉल्टरला खोटं बोलता येत नाही. त्याचे कान लाल झाले. अर्व्होने काठी खाली ठेवली.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"मागच्या सप्टेंबरपासून. तू आमिष लावत होतास, गळ अंगठ्यात रुतला होता आणि तू माझ्याशी हवामानावर बोलत होतास."

दया. अर्व्होच्या अंगाचा तिळपापड झाला. हा माणूस सात तास गाडी हाकून आला होता, कशासाठी, तर एका लुळ्या हाताच्या म्हाताऱ्याचं मन राखायला. आणि त्रेचाळीस वर्षांत एकदाही अर्व्होने कुणाकडून काही फुकट घेतलं नव्हतं. त्याने मोटर सुरू केली. तुला धक्क्यावर सोडतो, तो म्हणाला, दुसरा गाइड बघ, आणि माझं हे शेवटचं. वॉल्टरने टोपी खाली ओढली.

धक्क्याकडे जाताना तळ्याचा एक उथळ, गवताळ कोपरा लागतो. तिथे पाणी फुटलं. वॉल्टरने विचारलं, ते काय होतं?

"कचरा."

"अर्व्हो, मला भूक लागली आहे. कचरा तर कचरा."

निव्वळ त्याला धडा शिकवायचा म्हणून अर्व्होने मोटर बंद केली आणि जाड काठी उचलली. आमिष गवताच्या कडेला पडलं, दोरी ताणली आणि आडवी पळाली. त्याला ते दिसलं. त्याने दोन्ही खांद्यांनी ओढलं आणि मासा त्याच्या दंडात लागला, पाठीत लागला, पार कमरेपर्यंत लागला. पंधरा महिन्यांत पाण्याखालून त्याला काही जाणवलं नव्हतं. त्याने वाडवडिलांच्या भाषेतली एक अस्सल फिनिश शिवी हासडली आणि मासा होडीत आपटला. मग त्याने काठी वॉल्टरच्या हातात कोंबली आणि तासभर त्याच्यावर ओरडला: डोळे कुठे आहेत, दोरी बघ, पत्र टाकल्यासारखं नको टाकू, ओढ, आता ओढ. वॉल्टरने दोन धरले आणि चार घालवले. दुपारी काठावर अर्व्होने तीन बास सोलून लोण्यात तळले. आयुष्यात त्याने बास खाल्ला नव्हता. चव बरी होती, आणि त्याचाही त्याला राग आला.

संध्याकाळी दुकानात गर्दी होती. काउंटरमागे गाइडांची पाटी असते, कोणत्या माशासाठी कोणाला न्यायचं याची. वॉलायच्या खाली नऊ नावं होती आणि वरून पहिलं अर्व्होचं. तो रांग मोडून काउंटरच्या आत शिरला. हिल्मा म्हणाली, राहू दे, मी पुसते.

"माझं नाव आहे. मी पुसेन."

त्याने बाहीने नाव पुसलं. दुकानातले टीव्हीवाले बघत होते, त्यांच्याकडे त्याने पाहिलं नाही. खडू बोटांत आहे की पडला हे त्याला बघूनच कळत होतं. पाटीच्या उरलेल्या मोकळ्या जागेत त्याने बास असं लिहिलं, आणि त्याच्या खाली, इतकं दाबून की खडूचे दोन तुकडे झाले, आपलं पूर्ण नाव. मग वळून त्याने मोठ्याने विचारलं की कुणाला हसायचं आहे का. कुणी हसलं नाही. हिल्माने वही ओढली आणि विचारलं, उद्या सकाळी एक बाई मुलीला घेऊन येते आहे, जाशील?

"सहा वाजता," अर्व्हो म्हणाला. "आणि उशिरा आल्या तर मी थांबणार नाही म्हणावं."