साडूच्या गाडीतला बेस

साडूच्या गाडीतला आवाज माझ्या गाडीपेक्षा चांगला आहे, हे मला आमच्याच सोसायटीच्या फाटकात कळलं, आणि तेही बायकोच्या तोंडून. साडू म्हणजे माझ्या मेहुणीचा नवरा. दुधनीला त्याचा तूरडाळीचा व्यापार आहे. नवी पांढरी गाडी घेऊन तो जुळे सोलापूरला आमच्याकडे आला, गाडीची चारही दारं सताड उघडली आणि गाणं लावलं. वरच्या मजल्यावरचे लोक गॅलरीत येऊन उभे राहिले. बायको चपला न घालताच खाली गेली, दाराशी डोळे मिटून उभी राहिली आणि म्हणाली, "किती क्लिअर आहे गं बाई! गाणारीनं श्वास घेतलेलासुद्धा ऐकू येतोय." माझ्या गाडीत तिनं कधी डोळे मिटले नव्हते. माझ्या गाडीत ती खिडकीची काच वर करायला सांगते, एवढंच.

हेवा वाटला असं लिहिलं तर सभ्य दिसेल. मी जळलो. वरून मात्र "वा वा, छान, कुठून बसवलं?" असं विचारत राहिलो, आणि साडू बिचारा मोकळ्या मनानं सगळं सांगत राहिला. त्याचा मोकळेपणाच मला जास्त डाचतो. दोन शब्द शेखी मिरवली असती तर मला त्याला नावं तरी ठेवता आली असती.

नुसत्या गाण्याचा प्रश्न असता तर चार दिवसांत विसरलो असतो. मधे सासरे होते.

सासरे होटगीला राहतात. रेल्वेत सगळी नोकरी गेली, तिथंच घर बांधलं. सासूबाई गेल्यापासून एकटे होते. मुलगा नाही, दोन मुली. थोरली माझी बायको, धाकटी दुधनीला. दोघी त्यांच्यामागे लागल्या होत्या की अप्पा, आता एकटं राहू नका, आमच्याकडे या. लेकीच्या घरी कायमचं राहायचं म्हणजे त्यांना अवघड वाटत होतं, पण उन्हाळ्यात चक्कर येऊन अंगणात पडले तेव्हा कबूल झाले. म्हणाले, पावसाळा सरू द्या, मग सांगतो कुणाकडं ते.

ते माझ्याकडे यावेत असं मला फार वाटत होतं. बायकोपेक्षा जास्त, असं म्हटलं तरी चालेल. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. लग्न झाल्यावर मला "अवो पावणं, डोकं फिरलंय का तुमचं?" असं तोंडावर विचारणारा पहिला माणूस म्हणजे हे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो. विम्याच्या ऑफिसात मला सगळे साहेब म्हणतात, घरात मुलं ऐकत नाहीत, आणि रागावणारं कुणीच उरलेलं नाही. आतली खोली मी त्यांच्यासाठी मनातल्या मनात कधीच रिकामी करून ठेवली होती. साडूला काय कमी आहे? त्याचे आईवडील आहेत, दोन काका आहेत, अख्खी दुधनी त्याला हाका मारते. त्यात माझे सासरे पण तोच नेणार? ते त्याचेही सासरे आहेत, हे मला सोयीनं आठवत नसे.

तर त्या पावसाळ्यात साडू एकदा त्यांना डोळे तपासायला सोलापूरला घेऊन आला आणि आमच्याकडे सोडून गेला. सासरे जिना चढून वर आले, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, पाणी प्यायले. मी विचारलं, "प्रवास कसा झाला मामा?"

"लई बेस," ते म्हणाले. "धाकट्याच्या गाडीत लई बेस हाय बगा."

आता माझ्या डोक्यात महिनाभर तेच घोळत होतं. साडूनं डिकीत वूफर बसवलाय, बेस असा की सीट हलते, हे त्यानंच सांगितलेलं. सासऱ्यांना आयुष्यभर रेल्वेगाड्यांच्या धडधडीत राहून जरा कमी ऐकू येतं. मी हिशेब जुळवला: वरचे बारीक सूर त्यांच्या कानापर्यंत पोचत नसणार, खालचा घुमारा मात्र अंगाला कळत असणार. म्हातारा बेसवर भाळला! मला इतकं वाईट वाटलं आणि त्याच वेळी इतका हुरूप आला की काय सांगू. बेस काय, बसवता येतो.

दुसऱ्याच दिवशी ऑफिस सुटल्यावर मी गाडी घेऊन एका दुकानात गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांची दारं उघडी पडलेली, वायरी लोंबत असलेल्या. दुकानदारानं माझ्या गाडीच्या दारावर टिचकी मारली. "खाली डब्बा है, साब," तो म्हणाला. मग विचारलं, "बेस होना क्या साफ आवाज होना?"

"दोन्ही."

"सब लोगां एइच बोलते," म्हणत त्यानं पेचकस उचलला.

पुढचे काही आठवडे मी त्याच्या डोक्यावर बसलो. मला एरवी गाडीचं बॉनेट कुठून उघडतं तेही पटकन सापडत नाही, पण मत्सर माणसाला अभ्यासू करतो. दारांची आतली पॅनेलं काढली आणि पत्र्याला डांबरासारख्या वासाच्या जाड पट्ट्या चिकटवल्या, तेव्हा दार लावल्यावर येणारा खडखड आवाज जाऊन दबका, भरीव आवाज यायला लागला. नवे स्पीकर आले, पुढच्या काचेच्या दोन्ही कोपऱ्यांत वरच्या सुरांसाठी बारके ट्वीटर आले, सीटखाली ॲम्प्लिफायर आणि डिकीत वूफरची भलीमोठी पेटी. मग खरं काम, म्हणजे ट्यूनिंग. खालचा घुमारा दारांच्या स्पीकरांकडून काढून घेऊन एकट्या वूफरला द्यायचा, म्हणजे दारांचा जीव हलका होतो आणि गाणाऱ्याचा गळा सुटतो. ॲम्प्लिफायरचा स्क्रू आवाज फाटेपर्यंत पिळायचा आणि तिथून जरा मागे घ्यायचा. मला ते मागे घेणं जिवावर यायचं. मी म्हणायचो, अजून थोडं. तो म्हणायचा, "फटेगा, साब." आणि फाटायचं.

ऐकायला मी सासऱ्यांच्या आवडीचं एक भजन नेलं होतं. दुकानदाराला त्याचं तेच ठेवणीतलं गाणं लावायचं असे, मी म्हटलं नाही, याच भजनावर गाडी लागली पाहिजे. टाळ खणखणला पाहिजे पण कानात टोचता कामा नये, आणि पखवाजाची कणीक लावलेली बाजू छातीत वाजली पाहिजे. एकदा सगळं जोडलं आणि बेस गायबच. आवाज मोठा करावा तितका पोकळ. शेवटी डाव्या दारातल्या वायरी उलट जोडल्या गेल्याचं सापडलं. एक स्पीकर हवा पुढे ढकलत होता, दुसरा त्याच वेळी मागे ओढत होता, आणि मधे बसणाऱ्याच्या वाट्याला काहीच येत नव्हतं. वायरी बदलल्या आणि पखवाज धाडकन आत आला. मी दुकानात टाळ्या वाजवल्या.

शेवटचं काम आसनाचं. कुठल्या तरी एका सीटवर सगळे आवाज एकाच वेळी पोचतील असं जुळवता येतं. बहुतेक सगळे ते ड्रायव्हरच्या सीटसाठी करून घेतात. दुकानदारही तेच करायला लागला होता. मी त्याला थांबवलं. म्हटलं, डावी सीट. पुढची डावी. तो म्हणाला, मग तुम्हाला सगळं एका बाजूला झुकलेलं ऐकू येईल. मी म्हटलं, येऊ दे. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हसत विचारलं, "मॅडम बैठते क्या?" मी "सासरे" म्हटलं नाही. "हो" म्हटलं.

एका रविवारी सासऱ्यांना चार दिवस आमच्याकडे आणायला होटगीला गेलो. मुद्दाम एकटाच. ते पिशवी घेऊन ओट्यावर बसलेलेच होते. त्यांना पुढे डाव्या सीटवर बसवलं, पट्टा लावून दिला, काचा वर केल्या आणि गाव मागे पडल्यावर भजन सुरू केलं. मला ते वाकडंतिकडंच ऐकू येत होतं, पण त्यांच्या जागी काय येत असेल ते मला पाठ होतं. टाळ सुरू झाला. पखवाज आला. त्यांच्या मांडीवरच्या पिशवीत स्टीलचा डबा होता, तो थरथर वाजायला लागला. त्यांनी डब्यावर हात ठेवला. मी आवाज आणखी वाढवला.

"साकु, साकु," ते म्हणाले. साकु म्हणजे कन्नडमध्ये पुरे. सासरच्या पंगतीत वाढप्याला हात आडवा करत सगळे तेच म्हणत, त्यामुळे तेवढा शब्द मला ठाऊक होता. मग माझ्याकडे वळून मराठीत, "पावणं, बारीक करा की जरा. छाती धडधडतीया."

मी बंदच केलं. राग आला होता. म्हटलं, "मामा, तुम्हीच म्हणालात की धाकट्याच्या गाडीत लई बेस आहे. म्हणून तर एवढं सगळं केलं."

"व्हय, हाय की बेस."

"मग हाही बेसच आहे. त्याच्यापेक्षा जास्त आहे!"

ते गोंधळून माझ्याकडे पाहत राहिले. "बेस म्हंजी बेस वो. चांगलं. आज भाकरी बेस झाली म्हनतो की आपन, तसं." मग त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते त्या बंद रेडिओकडे बोट करून हसायला लागले. "ह्याचं? अवो, धाकटं कुटं गानं लावतंय? मी बसलो की पैलं बंद करतंय. आमी बोलत येतो."

एका शब्दापायी माझी गाडी चाळण झाली होती. सासऱ्यांच्या तोंडून हजारदा ऐकलेला शब्द, पाऊस बेस, ज्वारी बेस, आणि मी तो दुकानदाराच्या भाषेत ऐकला. मलाही हसू आलं. हसता हसता विचारलं, "काय बोलता एवढं?"

"काय न्हाय. कन्नड बोलतो."

सासरे मूळचे दुधनीकडचे, सासूबाईही तिकडच्याच. दोघं घरात आपसांत कन्नड बोलायची, मुलींशी मात्र शाळेमुळे मराठी. मुलींना कन्नड समजतं, पण उत्तर मराठीत देतात. मला तेवढंही येत नाही. मी म्हटलं, होटगीत कन्नड बोलणारे काय कमी आहेत?

"हायती की. पर ते गावातलं झालं." ते समोर रस्त्याकडे पाहत म्हणाले, "ह्याचा हेल तुमच्या सासूबाईचा हाय. तिच्याच गावाकडचा न्हवं का त्यो. गाडीत बसलो की इचारतंय, ऊटा आतेन्री? जेवन झालं का म्हनून. डोळं मिटून ऐकलं तर तीच इचारतीया असं वाटतंय."

माझं हसू तिथंच विरलं. फाटकातल्या त्या दिवशी जळलो होतो ते काहीच नव्हतं, असं तेव्हा वाटलं. वूफरला वरचढ वूफर मिळतो. सासूबाईंचा हेल मी कुठून बसवून घेणार होतो? आणि साडूला तो फुकट मिळालेला, जन्मानं, त्याला त्याची खबरही नसेल. तो आपला सहज जेवलात का विचारतो.  सासरे एकदा म्हणाले, "लावा की गानं, बारीक लावा." मी लावलं नाही.

पावसाळा सरला आणि त्यांनी दुधनी सांगितली. बायको रडली. मी तिला समजावलं, मोठ्या मनाचा असल्यासारखा.

त्यांना दुधनीला पोचवायला आम्ही दोघंही होटगीला गेलो, साडूही त्याची गाडी घेऊन आला. सासऱ्यांची पत्र्याची ट्रंक होती, रेल्वेतली. ती मीच उचलून माझ्या गाडीकडे नेली. निदान सामान तरी माझ्या गाडीतून जावं. डिकी उघडली तर वूफरच्या पेटीनं जागाच ठेवली नव्हती. साडू मागून आला, आत डोकावला आणि भाबडेपणानं म्हणाला, "दाजी, यवढी मोठी पेटी? काय ठेवलंय वो यात?"

"काही नाही," मी म्हटलं.

ट्रंक त्याच्या गाडीत गेली. सासरेही अर्थातच त्याच्या गाडीत, पुढच्या सीटवर. माझ्याकडे एक वळकटी आणि पाण्याची कळशी आली. अक्कलकोटच्या पुढे रस्ता सरळ आहे, दोन्ही बाजूंना तुरीची शेतं. मी त्यांच्या मागे गाडी अगदी जवळ ठेवली होती. मागच्या काचेतून सासऱ्यांची टोपी दिसत होती, सतत साडूकडे वळत होती, हात वर-खाली होत होते. शेजारी बायकोही तिकडेच बघत होती. म्हणाली, "आई गेल्यापासून अप्पांना इतकं बोलताना मी बघितलं नाही."

रस्त्यावर समोर गुरं नव्हती, सायकल नव्हती, काही नव्हतं. तरी मी हॉर्न दाबला, आणि दाबून धरला. त्यांच्यापैकी कुणीही मागे वळून पाहिलं नाही.