तिसऱ्या आग्रहाची वाट

आमच्या घरी कोणी काही पुढे केलं की पहिल्या खेपेला घ्यायचं नसे. शेजारच्या काकू वाटीभर खीर घेऊन दारात आल्या की आई म्हणे, "अहो, कशाला उगाच?" काकू म्हणत, "घ्या हो." आई म्हणे, "नको नको, मुलांना ठेवा." मग काकू वाटी जवळजवळ आईच्या हातात कोंबत आणि आई ती घेई. गिरगावातल्या आमच्या चाळीत सगळ्यांना हे पाठ होतं. पहिल्याच खेपेला हात पुढे करणाऱ्या मुलाला घरी गेल्यावर बोलणी बसत. मीही ती खाल्ली आहेत.

दोन वर्षांपूर्वी फोर्टातल्या एका प्रवास कचेरीत मला काम मिळालं. परदेशी जहाज बंदराला लागलं की त्यातले उतारू एका दिवसासाठी शहर बघायला उतरत. कचेरी त्यांना टॅक्सी देई आणि सोबत इंग्रजी बोलणारा माणूस. माझं शिक्षण मिशनऱ्यांच्या शाळेत झालेलं, त्यामुळे इंग्रजी चांगलं होतं. अनोळखी माणसांशी बोलायचं म्हटलं की मात्र मी अडखळायचे. पण या कामात काय बोलायचं ते आधीच ठरलेलं असे. हा फिरोजशहांचा पुतळा, ही टेकडीवरची बाग, हा धोबीघाट. त्या ठरलेल्या वाक्यांच्या आड मला सुरक्षित वाटायचं. शिवाय बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची फी मी स्वतः भरेन असं वडिलांना सांगून बसले होते.

माझ्या गाडीचे ड्रायव्हर घोडपदेवला राहणारे, मूळचे मालवणकडचे. पन्नाशीचे असतील. गाडी त्यांची नव्हती, रोजच्या भाड्यावर घेतलेली होती. त्यांना काय हाक मारावी हे मला ठरवता येत नव्हतं, म्हणून मी हाकच मारत नसे. ते मला 'बाई' म्हणत.

पहिल्या दिवशी एक वयस्कर इंग्रज जोडपं होतं. भायखळ्याहून परत येताना मोठ्या अक्षरांत रंगवलेली एक भिंत लागली. त्यातल्या बाईंनी विचारलं, "काय लिहिलं आहे?" भिंतीवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं लिहिलं होतं. राजकारणावर बोलायचं नाही अशी कचेरीची ताकीद होती. मी म्हणाले, "एक सूचना आहे." समोरच्या आरशात ड्रायव्हरचे डोळे क्षणभर माझ्यावर आले आणि पुन्हा रस्त्यावर गेले.

गोदीच्या फाटकाशी उतरल्यावर बाईंनी पर्स उघडली. आतून एक पांढरं पाकीट काढलं आणि माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "हे तुमच्यासाठी आणि ड्रायव्हरसाठी."

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "नको नको, कशाला!" अर्थात इंग्रजीत.

आणि मी थांबले. आता त्या म्हणणार, घ्या हो.

बाई प्रसन्न हसल्या. "किती भल्या आहात तुम्ही!" म्हणाल्या. पाकीट पर्समध्ये गेलं. पर्सची कडी टक् करून मिटली. दोघं फाटकातून आत गेली आणि जहाजाकडे चालू लागली.

ड्रायव्हर गाडीचं दार धरून उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. दार हळूच लावलं. सकाळी ते म्हणाले होते की परतताना मला धोबीतलावापर्यंत सोडतील. आता म्हणाले, "बाई, तुम्ही ट्रामने जा."

कचेरी ड्रायव्हरला ठरीव रक्कम देई आणि ती गाडीच्या भाड्यात आणि पेट्रोलात जाई, हे मला दुसऱ्या दिवशी कचेरीच्या कारकुनाकडून कळलं. घरी नेण्यासारखं जे काही उरे ते उतारूंनी खुशीने दिलेलं. म्हणजे माझ्या एका 'नको'ने त्या माणसाचा अख्खा दिवस फुकट गेला होता. मी स्वतःच्या मानासाठी नको म्हणाले असते तरी एक वेळ ठीक. मी तर नुसती घरची सवय म्हणून म्हणाले होते. मला ते पाकीट हवंही होतं.

पुढचं जहाज लागलं त्या सकाळी मी बंदरावर पोचले तेव्हा टॅक्सींच्या रांगेत हशा पिकला होता.

"आली रे, नको-नको बाई आली!"

"आज कोणाकडे?"

"माझ्याकडे नको बाबा. माझ्या गाडीचा क्लच गेलाय."

"सकाळी तर बरा होता?"

"बाईंना बघून गेला."

मी खाली मान घालून उभी राहिले. कान तापले होते. कारकून माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "हे बघा, कोणी न्यायला तयार नाही. गाडी नाही तर काम नाही. मग मला दुसरं कोणी बघावं लागेल."

रांगेच्या शेवटी माझे त्या दिवशीचे ड्रायव्हर उभे होते, काच पुसत. मी त्यांच्याकडे गेले. पदराच्या गाठीत माझा मागच्या फेरीचा मेहनताना तसाच होता. तो पुढे केला.

"ह्या काय?"

"त्या दिवशीचं. माझ्यामुळे गेलं ते."

ते काच पुसायचे थांबले. "तुमच्या पगारातले पैसे माका नको, बाई. गिऱ्हायकान खुशीन दिलेले होये. गाडी मी चालवलंय, तुम्ही नाय."

मला रडू येईल असं वाटलं. पण तिथे, त्या सगळ्यांसमोर, रडायचं नव्हतं. मी गाठ पुन्हा बांधली. गाठ नीट बसेना. ते बघत होते.

"बरं," शेवटी ते म्हणाले. "एक जहाज बघतो. पण नीट ऐका. फाटकाशी पोचलात की उतारूंचे पास घेऊन सरळ आत जायचं, कारकुनाकडे नोंद करायला. मागे वळून बघायचं नाही. तिसरा माणूस समोर असला की देणाऱ्याला संकोच, घेणाऱ्याला संकोच. कळलं? तुम्ही फक्त लांब व्हा."

मी मान हलवली. लांब होणं मला जन्मापासून येत होतं.

त्या दिवशी दोन ऑस्ट्रेलियन बहिणी होत्या, साठीच्या, दोघींच्या डोक्यावर एकसारख्या गवताच्या टोप्या. सकाळपासून त्यांच्यात काहीतरी कुजबुज चालली होती. टेकडीवरच्या बागेत मी झाडांना कापून केलेले हत्ती दाखवत होते, तर त्या एका कागदाच्या घडीवर वाद घालत होत्या. धोबीघाटाच्या पुलावर धाकटी म्हणाली, "तूच विचार," आणि थोरली म्हणाली, "मी मुळीच विचारणार नाही." मला पक्कं वाटलं की माझं काहीतरी चुकतंय आणि आता कचेरीत तक्रार जाणार.

भायखळ्याची ती भिंत पुन्हा आली. कोणीतरी अक्षरांवर नवा रंग दिला होता. धाकटीने विचारलं, "हे काय आहे?"

मी आरशाकडे पाहिलं नाही. म्हणाले, "मराठी बोलणाऱ्यांचं एक राज्य व्हावं आणि हे शहर त्यात असावं, असं लोकांचं म्हणणं आहे."

"आणि तुमचं?"

"माझंही," मी म्हणाले. आवाज अगदी बारीक आला, पण आला. ड्रायव्हरने उगाचच एकदा हॉर्न वाजवला. समोर कोणीच नव्हतं.

फाटक आलं. मी पास हातात घेतले आणि ठरल्याप्रमाणे निघाले. तेवढ्यात थोरलीने माझा दंड धरला.

"एक मिनिट. आम्हाला तुम्हाला एक अवघड गोष्ट विचारायची आहे."

मी थांबले. मागे ड्रायव्हर दार धरून उभे होते. मी त्यांच्याकडे न बघताही मला ते दिसत होते.

"जहाजावर एक जण म्हणतो, इथल्या चांगल्या घरच्या माणसांना पैसे दिले तर अपमान वाटतो," थोरली म्हणाली. "दुसरा म्हणतो, न दिले तर अपमान वाटतो. कोणाला द्यायचे, कोणाच्या हातात द्यायचे, कोणीच धड सांगत नाही. न्याहारीपासून आम्ही भांडतोय. तुम्ही सांगाल का?"

आता यासाठी कुठलंही पाठ केलेलं वाक्य नव्हतं. पासांच्या कडा माझ्या घामाने मऊ झाल्या होत्या. मी म्हणाले, "अपमान नाही. ड्रायव्हरचं घर याच्यावर चालतं. पण माझ्याकडे देऊ नका. त्यांच्याच हातात द्या आणि गाडी चांगली चालवलीत असं म्हणा."

"आणि तुम्हाला?"

घशापर्यंत आलेलं 'कशाला' मी गिळलं. "मलाही चालेल."

दोघींनी एकदम असा सुस्कारा टाकला की मला हसू फुटलं. धाकटी आपल्या बहिणीला म्हणाली, "बघ! इतकं सोपं होतं." मग त्याही हसू लागल्या. आम्ही तिघी फाटकाशी उभ्या राहून कारण नसल्यासारख्या हसत होतो. दिवसभर त्या मला घाबरत होत्या आणि मी त्यांना. ती बागेतली कागदाची घडी म्हणजे देण्याच्या रकमांची यादी होती, तीन वेळा खोडलेली.

माझं पाकीट मी पहिल्याच खेपेला घेतलं. मग पास घेऊन सरळ आत गेले. मागे वळून पाहिलं नाही, पण थोरलीचा आवाज ऐकू आला, "फार छान चालवलीत गाडी," आणि त्यावर "थँक्यू, मेमसाब," असा खर्जातला आवाज.

मी बाहेर आले तेव्हा रांगेतला तो क्लचवाला ओरडला, "काय मग, आज काय म्हणाली बाई?"

"तुझा क्लच नीट कर आधी," ड्रायव्हर म्हणाले. माझ्यासाठी त्यांनी पुढचं दार उघडलं. "बसा, बाई. ट्राम नको आज."

गाडी निघाली. सकाळपासून खांद्यांत धरलेलं काहीतरी हळूहळू सुटत होतं. मी काच खाली केली. वाटेत त्यांनी खाऱ्या दाण्यांची पुडी घेतली, दोन दाणे तोंडात टाकले आणि पुडी माझ्यापुढे धरली.

"घेवा."

"नको नको," मी म्हणाले.

"बरं." त्यांनी पुडीचं तोंड वळलं आणि ती स्टिअरिंगच्या पलीकडे, माझा हात पोचणार नाही अशी ठेवून दिली. मग गंभीर चेहऱ्याने गाडी चालवू लागले. ताजे दाणे होते, भाजल्याचा वास गाडीभर पसरला होता. दुपारपासून मी काही खाल्लं नव्हतं. धोबीतलावाचा नाका दिसू लागला. त्यांच्या मिशा थरथरत होत्या.

"मामा," मी म्हणाले, "द्या."