लताबाईंनी घरी नेलेली मुलगी

संध्याकाळपर्यंत लताबाईंचे पाय इतके सुजायचे, की चपलेचा पट्टा सैल करूनच त्या पांझरा नदीचा पूल ओलांडायच्या. धुळ्यातल्या एका सरकारी दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात त्या आया होत्या. देवपुरात दोन खोल्यांचं घर. नवरा हिलालभाऊ गिरणी बंद पडल्यापासून घरीच बसून होते. मूलबाळ झालं नाही. वॉर्डातून सुटलेल्या एखाद्या बाईला न्यायला कोणीच आलं नाही, की लताबाई तिला घरी घेऊन यायच्या. कोणी आठवडाभर राहायची, कोणी महिनाभर. बहुतेक जणी, ज्यानं हाडं मोडली त्याच्याच दारी परत जायच्या.

"आपलं घर धर्मशाळा शे का?" हिलालभाऊ म्हणायचे. आणि पुढच्या वेळी पाहुणीचं अंथरूण तेच घालायचे.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात वॉर्डात कुंदा आली. एकोणीस-वीस वर्षांची पोर. डाव्या मनगटाच्या वर तलवारीचा वार, नसा तुटलेल्या. गालावर दुसरा. शहरात तेव्हा आकड्याच्या धंद्यावरून दोन टोळ्यांची जुंपली होती. त्यातल्या एका टोळीतल्या रतिलालच्या मागे कुंदा अमळनेरजवळच्या आपल्या खेड्यातून पळून आली होती. बाईच्या पिशवीत पोलीस सहसा हात घालत नाहीत, म्हणून टोळीच्या गुप्त्या मेथीच्या जुडीखाली लपवून इकडून तिकडे न्यायचं काम तिच्याकडे आलं. दुसऱ्या टोळीच्या पोरांनी तिला गाठलं आणि विचारलं, रतिलाल कुठं आहे? तिनं सांगितलं नाही.

हवालदार जबाब घ्यायला आला, तेव्हाही तिनं काही सांगितलं नाही.

"नळावर पाय घसरला," ती म्हणाली.

"आणि नळाला तलवार बांधली होती का?" हवालदार वैतागून निघून गेला.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर रतिलालचा माणूस बसलेला असायचा, सुकदेव. हातात डबा. डबा द्यायचा तो बहाणा. कोण येतं, कोणाशी ती बोलते, हे पाहायला त्याला बसवलेलं. लताबाईंनी असे डबेवाले पुष्कळ पाहिले होते. कुंदाची नजर मात्र सुकदेवच्या खांद्यावरून पलीकडे, जिन्याकडे लागलेली असायची. रतिलाल येईल म्हणून. तो येणार नाही, हे लताबाईंना ठाऊक होतं. पण असं सांगून उपयोग नसतो, हेही त्या कधीच शिकल्या होत्या. त्या गुपचूप तिचे केस विंचरून द्यायच्या आणि पुढच्या खाटेकडे जायच्या.

टाके काढले त्या दिवशी कुंदानं स्वतःच विचारलं, "मावशी, तो एकदाही आला नाही ना?"

"नाही."

"सुकदेव म्हणतो, उद्या सुट्टी झाली की त्याच्याबरोबर जायचं. तोंड शिवून ठेव म्हणाला. नाहीतर दुसरा हातही ठेवणार नाहीत." ती भिंतीकडे वळली. "मला नाही जायचं."

लताबाईंना आधी काय वाटलं असेल, तर कंटाळा. पुन्हा अंथरूण, पुन्हा हिलालभाऊंची कुरकुर, पुन्हा महिन्याभरानं रिकामी खोली. त्या म्हणाल्या, "बरं. पाहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुट्टीचा कागद झाल्यावर त्यांनी कुंदाला वॉर्डातली चादर पांघरायला दिली आणि मळक्या कपड्यांची गाडी ढकलायला लावली. वॉर्डाला मागून एक दार होतं, धोबीखान्याकडे जाणारं. सिस्टरनं पाहिलं आणि औषधांच्या कपाटात डोकं खुपसलं. सुकदेव पुढच्या बाकावर डबा घेऊन बसूनच राहिला. धोबीखान्यातून त्या दोघी रिक्षानं देवपुरात आल्या.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरदुपारी, वॉर्डातल्या आयांची घरं धुंडाळत, तिघं जण दारात उभे राहिले. सुकदेव पुढे होता. लताबाई ड्युटीवर. कुंदा आतल्या खोलीत धान्याच्या कोठीमागे. हिलालभाऊ ओट्यावर विडी ओढत बसले होते.

"आबा, एक पोरगी आली आहे का इथं?"

"आली आहे ना. माझी भाची. नशिराबादची. अंगावर कांजिण्या फुटल्या आहेत." हिलालभाऊंनी विडी विझवली आणि बाजूला सरकून दार मोकळं केलं. "जा, बघून घ्या. तुम्हाला येऊन गेल्या असतील तर."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सुकदेव म्हणाला, "राहू द्या, आबा." ते गेल्यावर हिलालभाऊंनी विझलेली विडी पुन्हा पेटवली आणि आत हाक मारून पाणी मागितलं. कुंदानं उजव्या हातानं तांब्या आणून दिला. त्या दिवसानंतर ते धर्मशाळेबद्दल बोलले नाहीत.

हाताचं काम कंटाळवाणं होतं. बोटं मिटेनात. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज गरम पाण्यात धरून एकेक बोट वाकवायचं. कुंदा रडायची, शिव्या द्यायची, रतिलालचं नाव घेऊन परत जाते म्हणायची. एकदा तर पिशवी भरून पुलापर्यंत गेलीही. लताबाई मागे गेल्या नाहीत. खरं म्हणजे त्यांच्यात तेवढं त्राणच नव्हतं. दिवेलागणीला कुंदा आपली आपण परत आली आणि भाकरीचं पीठ मळायला बसली.

मग लताबाई एका सुट्टीला एसटीनं कुंदाच्या गावी गेल्या. बाप चुडामण ओसरीवर होता. नाव ऐकताच उठला.

"माले आंडेर नही. मरी गई ती," आपल्याला लेकच नाही असं सांगून तो आत निघून गेला.

लताबाई पाणीही न पिता फाट्यावर येऊन बसल्या. थोड्या वेळानं कुंदाची आई, पुष्पाबाई, शेतातून धापा टाकत आली.

"मनी पोर जिवत शे ना?"

"जिवंत आहे. पण हात अधू झाला."

पुष्पाबाईनं पदर तोंडात धरला. पुढे बाजाराच्या निमित्तानं ती धुळ्याला येऊ लागली. लेकीशी फारसं बोलायची नाही. तो हात मांडीवर घ्यायची आणि गोडंतेल लावून चोळत बसायची. लताबाई तेवढा वेळ भिंतीला टेकून डोळे मिटायच्या. कोणीतरी दुसरं हे करतंय, एवढंच त्यांना पुरे होतं.

आईच्या येण्यानं असेल, किंवा रतिलालनं दुसरी आणल्याचं कानावर आलं म्हणून असेल, पावसाळा सरता सरता कुंदा म्हणाली, "मावशी, जबाब द्यायचा."

तिनं सगळं सांगितलं. वार करणाऱ्यांची नावं आणि गुप्त्या कोणाच्या, तेही. पुढे कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या, त्या संपेचनात. कधी वकील नाही, कधी साक्षीदार नाही. प्रत्येक वेळी लताबाई ड्युटी बदलून घ्यायच्या आणि कोर्टाच्या व्हरांड्यात कुंदाशेजारी बसायच्या. समोरून जाताना रतिलालची माणसं खाकरायची. कुंदाचा उजवा हात तेव्हा लताबाईंचा पदर घट्ट धरून असायचा.

निकाल लागला तोवर नव्वद साल उजाडलं होतं. वार करणारे दोघे आत गेले. रतिलाल पुराव्याअभावी सुटला आणि सुरतेला निघून गेला. कुंदा हसली नाही, रडली नाही. "झालं का, मावशी?" एवढंच म्हणाली.

"झालं."

कुंदानं अमळनेरात खोली घेतली. तिथल्या एका बालवाडीत मदतनीस म्हणून लागली. डाव्या हाताची दोन बोटं शेवटपर्यंत मिटली नाहीत. पोरांची नाकं मात्र ती उजव्या हातानं झपाट्यानं पुसायची. बापानं तिला घरी बोलावलं नाही. पुष्पाबाई येत राहिली.

इकडे वॉर्डात खाटा भरत राहिल्या. लताबाईंनी आणखी कितीजणी घरी आणल्या आणि त्यातल्या किती परत गेल्या, याचा हिशोब त्यांनी ठेवला नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "कुंदा टिकली. बाकीच्यांचं त्यांनाच ठाऊक."

निवृत्त झाल्यावर त्या एकदा अमळनेरला तिच्याकडे गेल्या. कुंदानं सतरंजी अंथरली, स्टोव्ह पेटवला आणि बालवाडीतल्या गमती सांगायला लागली. मागून हुंकार येईना, म्हणून तिनं वळून पाहिलं. लताबाई चपला न काढताच कलंडल्या होत्या आणि घोरत होत्या. कुंदानं त्यांच्या पायातल्या चपला काढल्या, स्टोव्ह विझवला आणि शेजारणीला सांगून आली, की पोरांना जरा हळू ओरडायला सांग. धुळ्याची गाडी केव्हाच निघून गेली. तिनं त्यांना उठवलं नाही.