वर्षाच्या पहिल्या दिवशी दिलेला विस्तव

शेजारच्या हेस्लपबाई शुक्रवारी चूल घासायला बसल्या की मी काहीतरी निमित्त काढून त्यांच्या दारात जायची. मी डोंगरातल्या शेतावरची. आमच्याकडे विस्तव नुसत्या दगडावर असायचा. लग्न होऊन इंग्लंडातल्या डरहॅमकडच्या या खाणकामगारांच्या घरांच्या ओळीत आले, तर घरोघरी लोखंडाचं धूड: मध्ये जाळीत कोळसे, एका अंगाला पाव भाजायची भट्टी, दुसऱ्या अंगाला पाण्याची टाकी. आणि चूल घासायची ती अशी की बाईची लायकी म्हणे तिच्या जाळीवरून कळते!

हेस्लपबाई सळईने जाळीला चिकटलेले जळक्या कोळशाचे खंगर फोडायच्या, वाकलेला गज काढून उलटा बसवायच्या, मग काळं पॉलिश लावून जुन्या मोज्याने घासघास घासायच्या. राख मात्र आधी चाळायच्या.

"ती कशाला हो चाळता?"

"अर्धे जळलेले कोळसे फेकायला मी काय खाणमालकीण आहे? सरक, उजेड अडवतेस."

त्यांचं बोलणं हे असं. मला काही त्याचं वाटायचं नाही. चौकशा करण्याची माझी खोड जुनीच. एकतीस डिसेंबरला त्या जाळी रिकामी करून, चमकवून, बाराच्या आत नवा विस्तव पेटवायच्या. दुसऱ्या दिवशी घरातून काहीच बाहेर जाऊ द्यायच्या नाहीत. राख नाही, बटाट्याची सालं नाहीत, विस्तव तर नाहीच. सगळी ओळच ते पाळायची.

"दिला तर काय होतं?" मी विचारलं.

"घरातलं माणूस जातं. झालं समाधान?"

त्या वर्षी नाताळाच्या तोंडावर माझी विनी जन्मली, दिवस भरायच्या फार आधी. सुईणीने तिला कापसात गुंडाळून बुटांच्या खोक्यात घातलं आणि खोकं चुलीच्या कोमट भट्टीत ठेवलं, दार उघडं ठेवून. इथे अशा पोरांना असंच जगवतात.

मी अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे वर्षअखेरीला आमची जाळी तशीच राहिली. माझ्या नवऱ्याला, एडविनला, त्याची लाज वाटली. हा कोळसा खणण्यात पटाईत, पण चुलीतलं त्याला ओ की ठो कळत नाही. पहिल्या तारखेला सकाळी, पॉलिश करायला लोखंड गार हवं म्हणून पठ्ठ्याने भरल्या जाळीत बादलीभर पाणी ओतलं! फस्स आवाजाने मी जागी झाले.

पुन्हा पेटवली असती, पण ते ओलं धूड तापायला दुपार झाली असती. भट्टीला दुपारपर्यंत ऊब राहणार नव्हती. एडविन फावडं घेऊन दारोदार धावला. ओळीतल्या गौलंडबाई रडल्या, पण म्हणाल्या, "पोरीला आमच्याकडे आण रे, विस्तव नको मागूस. आज नको." बाहेर पाणी गोठत होतं. तिला दाराबाहेर काढणं म्हणजे मारणंच.

शेवटी मी उठले आणि सळईने चुलीमागची भिंत बडवली. पलीकडे हेस्लपबाईंची चूल होती.

त्या आल्या. जाळी पाहिली, एडविनला "गाढवा!" म्हणाल्या, भट्टीत वाकून निपचित पडलेल्या विनीच्या गालाला बोट लावलं आणि तशाच परत गेल्या. मला वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात त्या फावडंभर रसरशीत निखारे घेऊन दारात उभ्या. चार खेपा केल्या. स्वतःची जाळी पार मोकळी केली. संध्याकाळी विनीने भोकाड पसरलं तेव्हा आम्ही दोघंही तिच्याबरोबर रडलो.

त्यानंतर एक विचित्र गोष्ट दिसू लागली. हेस्लपबाई, ज्या कधी रिकाम्या उभ्या राहिल्या नाहीत, त्या रोज खाणीची पाळी सुटायच्या वेळी मागच्या दारात उभ्या असायच्या. नेथन, त्यांचा एकुलता एक मुलगा, खाणीतून येताना दिसला की आत जायच्या. न राहवून मी गौलंडबाईंना विचारलं.

"तुला कुणी सांगितलं नाही?" त्या म्हणाल्या. "तिच्या नवऱ्याने एकदा वर्षाच्या पहिल्या दिवशी दारात आलेल्या माणसाला पाइप पेटवायला निखारा दिला होता. ईस्टरच्या आत खाणीचं छत त्याच्या अंगावर आलं."

ते वर्षभर मग मीही माझ्या दारात उभी राहायची, विनीला कडेवर घेऊन.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी नेथन काळ्या तोंडाने धडधाकट घरी आला आणि आंघोळीच्या पाण्यासाठी ओरडू लागला. हेस्लपबाई मटकन खुर्चीत बसल्या. मला धीर आला.

"बाई, तुमचा मुळात त्या गोष्टीवर विश्वासच नव्हता ना?"

"नव्हता कसा?" त्या उसळल्या. "फावडं उंबऱ्याबाहेर नेलं तेव्हाच म्हटलं, गेला माझा नेथन."

"मग दिलात कशाला?"

त्यांनी विनीकडे पाहिलं.

"मी आले तेव्हा तुझी पोर रडत नव्हती गं," त्या म्हणाल्या. "रडत असती ना, तर नसता दिला."