काळ्याच्या पाठीवरचं कारलं

आमच्या घरी बैलांची जोडी होती, पण तिला जोडी म्हणायला गाव तयार नव्हतं. एक बैल पांढराशुभ्र, दुसरा काळाकुट्ट. वडिलांनी दोघांना वेगवेगळ्या बाजारांतून आणलं होतं. औताला बैल लागतो, रंग लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. जैनथजवळच्या आमच्या गावात हे म्हणणं वर्षभर खपायचं, फक्त पोळ्याला खपायचं नाही. त्या दिवशी गावातले सगळे बैल न्हाऊन, रंगून आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेत उभे राहत आणि आमची जोडी आली की कोणीतरी हमखास ओरडायचं, "पाय रे, आले दिवस अन् रात्र!"

बैल रंगवायचं काम माझ्याकडे होतं. मी तेव्हा सातवीत होते आणि हातात रंग आला की मला दुसरं काही सुचायचं नाही. पांढऱ्याच्या अंगावर मी गेरूचे ठिपके, निळीची फुलं, हिरवे पंजे असं काय काय काढायची. काळ्याची मात्र शिंगं तेवढी लाल व्हायची आणि अंगावर जुनी झूल पडायची. त्याच्यावर कुठलाच रंग उठत नाही, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

त्या वर्षी पोळ्याच्या आधी शेजारचे काका ओसरीवर येऊन बसले. त्यांच्या पांढऱ्या जोडीतला एक बैल म्हातारा झाला होता. ते वडिलांना म्हणाले, "भाऊ, तुमचा पांढरा अन् माहा पांढरा. असी जोडी उभी करू का गाव पायतच राहीन. तुमचा काळा राहू द्या घरीच, चरीन बांधावर."

वडील म्हणाले, "पाहू."

आमच्या वडिलांचं 'पाहू' म्हणजे 'हो' असायचं, फक्त ते उशिरा कळायचं. मला मात्र लगेच कळलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. वर्षातला एकच दिवस बैलांचा. त्या दिवशी औताला जुंपत नाहीत, पुरणपोळी चारतात, पाया पडतात. आणि आमच्या वांग्याच्या वावरात वर्षभर राबणाऱ्यानं त्याच दिवशी लपून बसायचं? काका उठून जायच्या आत मी सांगून टाकलं, "काळा नाही गेला तं मी पांढऱ्याले हातच लावत नाही."

वडील चिडले नाहीत. "अवं, पन काळ्यावर रंग दिसते का? दिसला असता तं म्या काऊन नाही म्हनलं असतं?"

"दिसते," मी म्हणाले. "मी पायलं."

खरंच पाहिलं होतं. थंडीत शाळेची सहल बासरला गेली होती, सरस्वतीच्या दर्शनाला. वाटेत निर्मलला बस थांबली. सगळी मुलं भज्यांच्या गाड्यावर तुटून पडली आणि मी एका दुकानासमोर खिळले. दुकानात लाकडी फळ्यांवर रंगवलेली चित्रं टांगलेली होती आणि प्रत्येक फळी आधी काळीभोर केलेली. त्या काळ्यातून सोनेरी मोर निघाले होते, सोनेरी वेली, घागर घेतलेल्या सोनेरी बाया. मी तोवर चित्र म्हणजे पांढऱ्या कागदावर काढायची गोष्ट समजत होते. आत एक चित्रकार फळीवर काळ्या रंगाचा हात फिरवत बसला होता. "एवढी चांगली फळी काळी का करता?" असं मी त्याला मोडक्या हिंदीत विचारलं, तर तो हसला. "पैले काला लगाना, बाद में सोना. काला नइं तो सोना किधर दिखता, बेटी?" मग गुरुजींनी येऊन माझा कान धरला आणि मला बसमध्ये नेऊन बसवलं. सरस्वतीपुढे हात जोडले तेव्हाही माझ्या डोळ्यांपुढे मोरच होता.

घरी आल्यावर मी पाटीवर पिवडीनं मोर काढून पाहिला. पिवडी म्हणजे भिंती रंगवायची पिवळी पूड. पाटी लहान पडली म्हणून मग तव्याच्या बुडावर काढला. आईनं त्या तव्यावर भाकर टाकली आणि धूर कसला येतोय म्हणून उलटून पाहिला, तेव्हा पाठीत बसलेल्या धपाट्यानं मला जो मोर दिसला तो वेगळाच होता! पण काळ्यावर पिवळं सोन्यासारखं दिसतं, हे मला पक्कं ठाऊक झालं होतं. हे सगळं मी वडिलांना एका दमात सांगितलं. कशी चमक, कसा मोर, कशी काळी फळी. त्यांनी बिडी विझवली आणि निकाल दिला, "पोळ्याच्या दिशी सकाळी रंगव. रंग दिसला तं काळा जाईन. नाही दिसला तं काकासंग पांढरा जाईन. मंग रडाचं नाही."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. गरम पाण्यानं मान धुवायची, पळसाच्या पानानं तूप-हळद चोळायची आणि कानात म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वडिलांनी दोघांनाही आवतण दिलं. मग आम्ही जेवायला आत गेलो आणि ते एकटेच गोठ्यात बराच वेळ काहीतरी करत राहिले.

काय करत होते ते सकाळी समजलं. पिवडी पाण्यात कालवून, कुंचला घेऊन मी काळ्यापाशी गेले तर तो आरशासारखा लखलखत होता. वडिलांनी त्याला शिंगापासून शेपटीपर्यंत जवसाचं तेल चोळलं होतं.

"तूच म्हनत होती ना, चमकते म्हनून?" ते म्हणाले. इतका आनंद त्यांच्या तोंडावर क्वचितच असायचा.

मी कुंचला टेकवला आणि पिवळं पाणी अळूच्या पानावरून घसरावं तसं घसरून खाली गेलं. पुन्हा टेकवला, पुन्हा घसरलं. त्यात कुंचल्याच्या गुदगुल्या होऊन काळा माशी बसल्यासारखी कातडी थरथरवू लागला. वडिलांचा चेहरा उतरला. चूक कोणाची म्हणावी? माणसानं प्रेमानं घातलेलं तेल! धुऊन काढावं तर साबणानंही ते निघेना, आणि तेवढ्यात काका घुंगरमाळ घेऊन हजर. "झालं का भाऊ? नेऊ का पांढऱ्याले?"

मला इतका संताप आला की पिवडीचा उरलेला पुडा मी जमिनीवर आपटला. पुडा फुटला, पिवळा धुरळा उठला आणि काळ्याच्या पोटावर जाऊन बसला. बसला तो बसलाच. तेलानं पूड धरून ठेवली होती आणि तेल पिऊन ती अशी पेटली होती की निर्मलच्या दुकानातलं सोनं त्यापुढे झक मारेल.

कुंचला मी फेकून दिला. बाजाराच्या वाटेवर गोंडांचं एक गूडं, म्हणजे छोटी वस्ती, लागायचं. तिथल्या बाया घराच्या भिंतींवर बोटांच्या टोकांनी ठिपके उमटवत, ओळीच्या ओळी, इतक्या जवळजवळ की भिंत हलते आहे असं वाटायचं. गाडीतून जाताना मी त्या भिंती मान वळवून वळवून पाहायची. तसंच मी सुकी पिवडी बोटावर घेऊन काळ्याच्या पाठीवर दाबू लागले. हाताची त्याला सवय होती. तो डोळे मिटून रवंथ करत उभा राहिला. मानेवर ठिपक्यांची माळ झाली, पायांत तोडे झाले. मग मोठ्या हौसेनं पाठीवर मोर काढायला घेतला.

मोर बिघडला. पिसारा जिकडे जायला हवा तिकडे जाईना, मान वाकडीतिकडी झाली. ती सावरायला मी एक पान काढलं, पानापासून तणावा काढला, तणाव्याला खडबडीत असं काहीतरी लोंबकळू लागलं. वडील मागून बघत होते. ते एकदम ओरडले, "अवं, हे तं आपलं कारलं हाय!"

होतं खरं. आमच्या मांडवावरचं कारलं, काट्याकुट्यांसकट. मग मला कोणाचा मोर आठवेना, कोणाची भिंत आठवेना. मी वेल पुठ्ठ्यांवरून खाली सोडली, पोटाशी वांगी लावली, खांद्यावर भेंडीची फुलं काढली. माझी बोटं आपोआप चालत होती आणि मी मोठमोठ्यानं हसत होते. इतकं सुख मला नंतर शेकडो चित्रं काढूनही फार वेळा मिळालेलं नाही.

वडील काकांना म्हणाले, "आमी आमचीच जोडी नेऊन राह्यलो, भाऊ." काका घुंगरमाळ वाजवत निघून गेले आणि आपल्या म्हाताऱ्या बैलाला उठवायला लागले.

दुपारी डफडं वाजू लागलं. तोरणाखाली काळा झुलीशिवाय उभा राहिला. आमच्याच गावातल्या एका म्हाताऱ्यानं शेजारच्याला विचारलं, "हा कोनाचा बैल व्हय? बाहेरगावचा दिसते." वडिलांनी ऐकलं आणि छाती अशी काढली की सदऱ्याची गुंडी तुटते की काय असं वाटलं. संध्याकाळी घरोघरी बैल फिरले. बाया त्याचे पाय धूत, कपाळाला कुंकू लावत आणि पाठीवरून हात फिरवायचा मोह कोणालाच आवरत नव्हता. रात्र होईपर्यंत अर्ध्या गावाचे तळवे पिवळे झाले. एक आजी म्हणाली, "माय वं, याच्या पाठीवर तं भाजीच लागली!"

सगळ्यात शेवटी काकांचं घर. त्यांनी काळ्याला पोळी चारली, वेल नीट निरखली आणि घसा खाकरून हळूच मला विचारलं, "पोरी, पुढच्या साली माह्या पांढऱ्याले आधी काळा करून देशीन का?"

वडील पोट धरून हसले. मी काकांच्या मागे पाहिलं. त्यांचा बैल दारात उभा होता, स्वच्छ, पांढराशुभ्र, शिंगांना बेगड लावून. पांढऱ्या बैलाची मला जन्मात पहिल्यांदाच कीव आली.