मृताच्या कार्डाने उघडलेले दार

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की हातातले पुस्तक मिटून ठेवावे लागते.

हिंजवडीतल्या एका कंपनीची तक्रार आली होती. प्रयोगशाळेतून नव्या यंत्राचे आराखडे चोरीला गेले होते. चोरीच्या दिवसांत भर दुपारी ज्या कार्डाने दार उघडले, त्याचा मालक आधीच अपघातात वारला होता.

"हिंजवडी आहे, साहेब," आमचे हवालदार म्हणाले. "मेल्यावरसुद्धा सुट्टी मंजूर होत नाही."

मी हसलो, पण नोंदी वाचताना हसू टिकले नाही. तो माणूस जेवणाच्या सुट्टीतच येत होता. जिवंतपणीही त्याची तीच सवय होती.

कंपनीने कार्ड रद्द केले नव्हते. "दुःखाच्या घरी फोन करून कार्ड कसे मागायचे?" व्यवस्थापक म्हणाले. मृताची धाकटी बहीण त्याच इमारतीत नोकरीला होती. कार्ड घरी, म्हणजे वापरणारी तीच, असा सरळ हिशेब करून तिच्या अटकेची तयारी झाली.

वारज्याला त्यांच्या घरी, त्याच्या आईचा जबाब घ्यायला मी स्वतः गेलो.

"कार्ड कुठून आणू, साहेब? त्याच्या गळ्यातच होतं. बुद्धवंदना झाली अन् तसाच अग्नी दिला. लई अभिमान होता त्याला त्या कार्डाचा."

मुलगी पाणी आणायला आत गेली, तसा त्यांचा आवाज उतरला. "दार उघडते म्हणता, तर तो येत असेल का जी?"

मी जबाबाचा कागद सहीसाठी पुढे केला.

आईच्या शब्दावर मुलगी सुटणार नव्हती. सायबर शाखेतल्या अधिकारी बाईंनी दारावरच्या यंत्रातल्या नोंदी तपासल्या.

"फटीत सरकवले की कार्ड आणि यंत्र एकमेकांशी बोलतात," त्या म्हणाल्या. "जुनी कार्डे एकेक अक्षर बोलतात, नवी सलग तुकड्यांत. याचे कार्ड जुने होते. मृत्यूनंतर क्रमांक तोच आहे, सर, पण बोलण्याची पद्धत दुसरी."

तो जिवंत असतानाच कोणीतरी यंत्राच्या फटीत पातळ पट्टी बसवून ते बोलणे चोरून टिपले होते, आणि पुढे नव्या कोऱ्या कार्डात भरले होते.

मी प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना एकत्र बसवले. "त्याचे कार्ड आता कुठे असेल?"

बहुतेकांनी माना खाली घातल्या. त्यांनी खांदा दिला होता, गळ्यातले कार्ड पाहिले होते. एकजण मात्र चटकन म्हणाला, "ऑब्व्हियसली घरी असणार, सर. सिस्टरकडे."

"अंत्यविधीला होतात?"

"नाही सर, त्या दिवशी माझ्या प्रोजेक्टचा रिलीज होता, काम सोडता येत नव्हतं."

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. पंचांसमक्ष त्याचा खण उघडला. पट्टी आणि कार्ड, दोन्ही सापडले.

"मेलेल्या माणसाचा जबाब कोण घेणार, असं वाटलं, सर," तो म्हणाला.

मुलीवरचा संशय दूर झाल्याचे सांगायला मी पुन्हा वारज्याला गेलो. ती रडू लागली. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहत म्हटले, "म्हणजे तो येत नव्हता."

खरे शोधून काढायला आम्हाला शिकवले होते. ते कोणाच्या हातात कसे ठेवावे, हे शिकवले नव्हते. यंदा माझी पत्नी गेली. आता दाराशी खुट्ट झाले, तरी मी लगेच उठून पाहत नाही. थोडा वेळ तसाच बसून राहतो.