आईंच्या बाथरूमचा दांडा

किस्से काही कुणी मुद्दाम साठवत नाही. घरात एक रिटायर्ड नवरा आणि एक ड्रिल मशीन असलं की ते आपोआप साठत जातात, माळ्यावरच्या उरलेल्या रंगाच्या डब्यांसारखे. टाकवतही नाहीत आणि उपयोगही नाही!

भिसेगावातल्या आमच्या घरात दुरुस्तीला बाहेरचा माणूस येत नाही. करतात ते तिघंच. एक आमचे हे, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. दुसरे शेजारचे गुप्ते भाऊजी, त्यांना सगळं मोबाइलवर बघून येतं. तिसरा लोधिवलीचा हिरामण, ह्यांचा जुना विद्यार्थी. आता त्यालाही टक्कल पडलंय आणि चौक गावात त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. "बाहेरचे लोक मन लावून काम करत नाहीत," असं ह्यांचं म्हणणं. हे तिघं इतकं मन लावतात की काम संपतच नाही.

या वेळचं काम तर अगदी साधं होतं. सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या आणि कंबर दुखावून बसल्या. तेव्हापासून प्रत्येक वेळी त्यांना धरून आत न्यायचं काम माझं. खालापूर तालुक्यातल्या शाळांवर बसमधून उभ्यानं जाऊन-येऊन जन्मभर नोकरी केलेली बाई ती! तिला हे फार लागायचं. दाराशी आलं की हळूच म्हणायच्या, "सुधा, मला एकटीनं जाऊ दे गं." धरायला भिंतीवर एक दांडा, एवढंच हवं होतं. मी थकले होते आणि त्या माझ्याहून जास्त.

*

पहिला दांडा गुप्ते भाऊजींनी ऑनलाइन मागवला. भोक पाडायचं नाही, नुसता दाबला की टाइलला चिकटणारा.

"व्हॅक्यूम आहे वहिनी! हत्ती लटकला तरी निघायचा नाही."

हत्ती कुठून आणणार? म्हणून भाऊजी स्वतःच दांडा धरून मागे रेलले. दांडा निघाला आणि भाऊजी बादलीत बसले. असे घट्ट बसले की बादली ओढून काढायला ह्यांना मला हाक मारावी लागली.

बादली निघाल्यावर हे शांतपणे म्हणाले, "व्हॅक्यूम असतो तो असा."

*

मग ड्रिल आलं. मी एवढंच विचारलं, की भिंतीतला पाइप कुठून गेलाय ते माहीत आहे ना?

"हे घर मी समोर उभं राहून बांधून घेतलंय. झोपेतही सांगेन!" ह्यांनी पेन्सिलनं खूण केली. खूण अगदी बरोबर होती. पाइप तिथेच होता!

कारंजं सुरू झालं. हे गच्चीवर टाकीचा कॉक बंद करायला धावले. पण पावसात कॉक गंजू नये म्हणून गेल्या उन्हाळ्यात याच तिघांनी त्याच्याभोवती विटा-सिमेंटची पेटी बांधली होती. पक्की! दार ठेवायचं राहून गेलं होतं.

टाकी रिकामी होईपर्यंत तिघं आळीपाळीनं भोकात बोट घालून उभे राहिले. मी चहा घेऊन गेले तेव्हा गुप्ते भाऊजींची पाळी होती.

"वहिनी, बशीत ओतून द्या. एकच हात मोकळा आहे."

*

त्या भानगडीत टाइल फुटली. माळ्यावर स्वयंपाकघराची एक उरलेली होती, किटलीचं चित्र असलेली. तीच बसवली.

मी आईंना धरून आत नेलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "इथे चहाही मिळतो का?"

*

दुसरा दांडा लागला, पण ह्यांनी उंची स्वतःच्या हातानं मोजली होती. हे पावणेसहा फूट, आणि आई माझ्या खांद्याला लागतात. त्यांनी हात पार वर ताणला तरी पोचेना.

"हजेरी घेतोयस का रे माझी?"

"टॉवेलला मात्र फार सोयीचं झालं," गुप्ते भाऊजी म्हणाले.

तेव्हा माझा संयम संपला. "उद्या मी प्लंबर बोलावते!" म्हटलं. तिघं माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी घटस्फोटच मागितला. शेवटी हिरामण बोलला, "बाई, उद्याचा दिस द्या. हाय माझ्याकडं एक."

*

दुसऱ्या दिवशी त्यानं टेंपोतून आणला तो भंगारात निघालेल्या बसचा दांडा होता. हातांनी झिजून गुळगुळीत झालेला. भिंतीला आरपार भोकं पाडून त्यानं नटबोल्ट आवळले. दांडा बाथरूममध्ये आणि नट आमच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या वर! माझ्यात भांडायचं त्राणच उरलं नव्हतं.

सोबत त्याच बसची, कंडक्टर दोरी ओढून वाजवतो ती घंटीही होती. ती त्यानं हॉलमध्ये टांगली आणि दोरी आत सोडली.

"आजी, पाय लटपटला तर ही दोरी वढा. आमी भायेरच हाव."

आई दाराशी आल्या. दांड्यावर हात ठेवला. मुठीत धरला. मग माझा हात सोडला, आत गेल्या आणि आतून कडी लावली!

आम्ही चौघं हॉलमध्ये बसलो. टीव्ही बंद, सगळ्यांची नजर त्या नटांवर. पाण्याचा आवाज आला, थांबला. मग काहीच नाही. हे खुर्चीतून उठले, परत बसले.

टिंग!

सगळे एकदम उठलो. ह्यांनी धावत जाऊन दाराला खांदा लावला.

टिंग!

हिरामणनं मागून ह्यांचा दंड धरला.

"डबल हाय, सर. जाऊ द्या."